व्होल्टेज बरोबर, तरी सहावी तार पोकळ: घरी बांधलेल्या सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचे एक प्रकरण

अ‍ॅम्प चालू झाला, धूर निघाला नाही, आणि मीटर जिथे लावला तिथे व्होल्टेज कागदावर मांडल्याप्रमाणेच आले. गिटारच्या पहिल्या तीन तारा छान गोड वाजल्या. जाड तारांना मात्र अंगच नव्हते. सहावी तार मोकळी छेडली की डब्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज, जोरात छेडली तर फाटका. नागपुरात प्रतापनगरच्या एका घरात बांधलेल्या या चार-पाच वॅटच्या अ‍ॅम्पचे दुखणे व्हॉल्व्हमध्ये नव्हते आणि सर्किटमध्येही नव्हते. ते व्हॉल्व्हचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातल्या पत्र्यांमध्ये होते, आणि साध्या मीटरला ते दिसण्यासारखे नव्हते.

बांधणारे दोघे: गिटार वाजवणारा भाचा आणि एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणारा मामा. गरज साधी होती. खोलीत वाजवता यावा, शेजाऱ्यांशी भांडण होऊ नये, आणि आवाज थोडा वाढवताच व्हॉल्व्हची ती दाणेदार फाट मिळावी.

सर्किट काय धरले

आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, ईएल ८४ (म्हणून 'सिंगल-एंडेड'), त्याच्या आधी सिग्नल वाढवायला एक ईसीसी ८३ (एका काचेत दोन ट्रायोड), आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, १एन४००७ चे चार डायोड. ईएल ८४ निवडण्याचे कारण व्यवहाराचे. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले हे व्हॉल्व्ह जुन्या रेडिओंच्या पोटात अजून सापडतात, आणि नवे परदेशी व्हॉल्व्ह ऑनलाइन मिळतात. रेक्टिफायर व्हॉल्व्ह टाळला, कारण त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवरचे एक वाइंडिंग वाचते. त्याची 'मऊ' दाब (व्होल्टेज) देण्याची ख्याती अशा क्लास ए अ‍ॅम्पमध्ये फारशी कामाची नाही. इथे सरासरी करंट जवळजवळ स्थिर असतो, मग दाब खचणार कशाने?

सिग्नलचा मार्ग असा. इनपुट जॅककडून ६८ किलोओहम, तो थेट ईसीसी ८३ च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर. जॅकवर १ मेगओहम ग्राउंडला. पहिल्या ट्रायोडच्या प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड. तिथून ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर, मग व्हॉल्यूमचा १ मेगओहमचा लॉग पॉट. दुसरा ट्रायोड तसाच, फक्त त्याच्या १.५ किलोओहमवर कपॅसिटर नाही, कारण स्पीकरकडून २२ किलोओहममधून येणारा फीडबॅक (आउटपुटचा परत आणलेला अंश) याच कॅथोडवर, म्हणजे पिन ८ वर, येतो. पुन्हा ०.०२२, मग ४७० किलोओहम ग्राउंडला, आणि ४.७ किलोओहमचा स्टॉपर रेझिस्टर ईएल ८४ च्या पिन २ ला, म्हणजे ग्रिडला, अगदी चिकटून. कॅथोड, म्हणजे पिन ३, १८० ओहम ५ वॅटवर, समांतर १०० मायक्रोफॅरड. स्क्रीन, म्हणजे दुसरी ग्रिड, पिन ९ वर, तिला ४७० ओहम. प्लेट पिन ७. ईएल ८४ च्या पिन १, ६ आणि ८ रिकाम्या दिसतात म्हणून त्यांवर जोड देण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्या आतून जोडलेल्या असू शकतात.

पॉवर ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्ट १२० मिलिअँप, शिवाय ६.३ व्होल्ट २ अँपिअर. हीटरला ईएल ८४ चे ०.७६ आणि ईसीसी ८३ चे ०.३ असे १.०६ अँपिअर लागतात. फिल्टर असा: पहिला ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा, मग २२० ओहम ५ वॅट, मग दुसरा ४७; इथून आउटपुट ट्रान्सफॉर्मरला पुरवठा. पुढे १ किलोओहम आणि २२ मायक्रोफॅरड, तिथून स्क्रीनला; त्यापुढे २२ किलोओहम आणि आणखी २२ मायक्रोफॅरड, तिथून ईसीसी ८३ ला.

प्लेटला पहिल्याच कपॅसिटरवरून पुरवठा देणारी सर्किटे खूप दिसतात. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्ह समोरासमोर असताना, ते खपून जाते, कारण दोन बाजूंचा हम (मेनचा घुमणारा आवाज) एकमेकांना खाऊन टाकतो. सिंगल-एंडेडमध्ये खाणारे कोणी नाही. ४७ मिलिअँपच्या लोडवर पहिल्या ४७ मायक्रोफॅरडवर सुमारे १० व्होल्ट पीक-टु-पीक रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) असतो. २२० ओहमचा एक रेझिस्टर १० व्होल्ट दाब खातो, पण तो रिपल दीडवर आणतो. हा सौदा डोळे मिटून करावा.

पहिल्या कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर, म्हणजे कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, आहे. स्विच बंद केल्यावर दाब ५० व्होल्टखाली यायला त्याला सुमारे एक मिनिट लागते. त्याच्यावर विसंबून हात घालू नये. मीटरने मोजावे, मगच. जवळजवळ ३०० व्होल्ट डीसी माणूस मारायला पुरेसे आहेत. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना एक हात पाठीमागे, मीटरची काळी क्लिप आधीच चॅसिसला लावलेली.

सुटे भाग आणि चॅसिस

रेझिस्टर, डायोड, जॅक, पॉट हे सगळे सीताबर्डीत एका फेरीत होते. ४५० व्होल्टचे कपॅसिटर घेताना १०५ डिग्रीचेच घ्यावेत, ८५ चे नकोत. मे महिन्यात खोलीच ४० डिग्रीवर असते, चॅसिसच्या आत त्यावर आणखी २०. ईएल ८४ च्या काचेपासून ते बोटभर तरी दूर ठेवावेत. जुन्या रेडिओतून व्हॉल्व्ह काढावा, कपॅसिटर कधीच काढू नये.

चॅसिस २ मिमी अ‍ॅल्युमिनियमची, हिंगणा एमआयडीसीतल्या शीटमेटलच्या वर्कशॉपमध्ये वाकवून घेतलेली. सॉकेट हातात आल्याशिवाय भोके पाडू नयेत. नऊ पिनी सॉकेट वेगवेगळ्या मापांचे येतात. बोर्डासाठी हायलमची (रेझिनने घट्ट केलेल्या इन्सुलेटरची) शीट आणि तारा डाखायचे टॅग वापरले. हायलम ओल धरते हे इथे लक्षात ठेवायचे, त्याचा संबंध पुढे कूलरशी येतो.

पहिली सुरुवात

सिरीज बोर्डावर, म्हणजे मेनच्या वाटेत मालेत जोडलेला, ४० वॅटचा जुना तंतूचा बल्ब, दोन्ही व्हॉल्व्ह काढलेले. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. मग बल्ब काढून थेट मेनवर, ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो फ्यूज घालून. व्हॉल्व्ह नसताना पहिल्या कपॅसिटरवर ३२७ व्होल्ट दिसले. सिलिकॉन डायोड व्हॉल्व्ह तापायच्या आतच हा दाब चढवतात, म्हणून ३५० चा कपॅसिटर इथे काठावर पडतो आणि ४५० चा लागतो.

व्हॉल्व्ह बसवल्यावर, स्पीकर जोडून: पहिला कपॅसिटर २८८ व्होल्ट, दुसरा २७८, ईएल ८४ ची प्लेट २६८, कॅथोड ८.२, ईसीसी ८३ च्या प्लेटा १४० च्या आसपास. ८.२ भागिले १८० म्हणजे ४५.५ मिलिअँप. त्यातले सुमारे ४.५ स्क्रीनचे वजा करता प्लेटचे ४१. प्लेट आणि कॅथोडमध्ये २६० व्होल्ट, म्हणजे १०.६ वॅट. ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅट. सगळे जागच्या जागी.

आणि तरी सहावी तार पोकळ.

संशय कुठे कुठे गेला

आधी कपलिंग कपॅसिटरवर. ०.०२२ चा ०.१ केला. ०.०२२ आणि ४७० किलोओहमची कट-ऑफ (जिच्याखाली आवाज पडू लागतो ती वारंवारता) १५ हर्ट्झ येते, सहावी तार ८२ हर्ट्झची; तेव्हा तिथे काही मिळणार नव्हतेच. उलट जोरात वाजवल्यावर अ‍ॅम्प क्षणभर गुदमरून परत येऊ लागला. मोठा कपॅसिटर ग्रिड करंटने भरतो आणि रिकामा व्हायला वेळ घेतो. पुन्हा ०.०२२ बसवला.

मग व्हॉल्व्ह बदलला. फरक शून्य. जुन्या ईएल ८४ साठी एक चाचणी मात्र इथे सांगण्याजोगी आहे: अ‍ॅम्प अर्धा तास तापल्यावर पिन २ वर डीसी मोजावे. ते शून्याच्या जवळ हवे. अधिक बाजूला सरकत असेल तर एकतर कपलिंग कपॅसिटर गळतोय किंवा व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. कपॅसिटरचे एक टोक सोडून परत मोजले की चोर कोण ते कळते.

मग स्पीकर. दुसऱ्या अ‍ॅम्पवर तोच आठ इंची स्पीकर भरदार वाजला.

शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडून इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर धरला. प्रायमरीचे, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगचे, इंडक्टन्स ३५ हेन्री आले. लागते किती? ५ किलोओहमचा लोड, त्याला समांतर ईएल ८४ चा सुमारे ३८ किलोओहम आंतररोध, मिळून ४.४ किलोओहम; ८२ हर्ट्झवर ३ डेसिबलच पडावे असे धरले तर ८.५ हेन्री पुरतात. चौपट निघाले, म्हणून ट्रान्सफॉर्मर निर्दोष ठरवून परत बसवला गेला. या प्रकरणातली खरी फसगत हीच. एलसीआर मीटर डीसीशिवाय मोजतो. अ‍ॅम्पमध्ये त्याच प्रायमरीतून ४१ मिलिअँप अखंड वाहत असतात.

निदान

दोष पकडला तो मोबाइलच्या टोन जनरेटरने आणि साध्या मल्टिमीटरने. स्पीकरच्या जागी ८ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावला, फीडबॅकची तार सोडली, आणि ४०० हर्ट्झला आउटपुट ४ व्होल्ट येईल इतका आवाज ठेवला. ४०० यासाठी की बरेचसे स्वस्त मीटर त्यापुढे एसी खरे दाखवत नाहीत. मग इनपुट तेवढेच ठेवून टोन ८२ वर आणला. आउटपुट १.२ व्होल्ट. ऑसिलोस्कोप असेल त्याला एका बाजूने चेपलेली लाट दिसते, पण स्कोप नसला तरी हा आकडा पुरेसे बोलतो.

ट्रान्सफॉर्मर स्थानिक वाइंडरकडून करून घेतला होता. चिठ्ठी अशी: एक इंची जीभ (पत्रीच्या मधल्या पायाची रुंदी), सव्वा इंच थर, प्रायमरी २५०० फेरे ३६ गेज, सेकंडरी (स्पीकरकडची) १०० फेरे २२ गेज, प्रायमरी अर्धी-अर्धी करून मध्ये सेकंडरी. ५००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचे वर्गमूळ २५; तेव्हा २५ ला १ हे प्रमाण बरोबर. वाइंडिंगही नीटनेटके. चिठ्ठीत पत्र्या कशा भरायच्या ते मात्र लिहिले नव्हते, आणि वाइंडरने त्या ई आणि आय आकाराच्या पत्र्या रोजच्यासारख्या भरल्या, एक ई इकडून, एक ई तिकडून, मध्ये फट न ठेवता. विचारल्यावर त्याचे उत्तर त्याच्या जागी बरोबरच होते: "भाऊ, पत्र्या आलटून-पालटून नाही टाकल्या तं ट्रान्सफॉर्मर आवाज करन ना!"

मेनच्या ट्रान्सफॉर्मरला तेच योग्य. पुश-पुलच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही चालते, कारण तिथे दोन बाजूंचे डीसी उलट दिशांनी वाहून एकमेकांना रद्द करतात. सिंगल-एंडेडमध्ये सगळा डीसी एकाच दिशेने. २५०० फेरे गुणिले ४१ मिलिअँप, म्हणजे शंभरावर अँपिअर-टर्न. गॅप, म्हणजे मुद्दाम ठेवलेली फट, नसलेल्या गाभ्यात ते कागदावर १.८ टेस्ला इतके चुंबकीय क्षेत्र देतात. साधी सिलिकॉन स्टीलची पत्री दीडच्या पुढे तृप्त होते, आणखी चुंबकत्व फारसे घेत नाही. गाभा असा आधीच डीसीने भरला की सिग्नलला जागा उरत नाही, आणि इंडक्टन्स ३५ वरून दोन-तीन हेन्रीवर येते. उंच सुरांना तेवढे पुरते, ८२ हर्ट्झला नाही. डीसी व्होल्टेज मात्र सगळे बरोबरच दिसतात, कारण तारेचा २३० ओहम रोध गाभा तृप्त असो वा नसो तोच राहतो.

दुरुस्ती

ट्रान्सफॉर्मर वार्निशमध्ये बुडवलेला नव्हता हे नशीब. वार्निश सुकल्यावर पत्र्या उघडणे म्हणजे निम्म्या वाकवणे. म्हणून नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आधी अ‍ॅम्पमध्ये तपासावा, वार्निश नंतर.

पट्टी आणि बोल्ट काढले. पहिल्या दोन-तीन पत्र्या पातळ सुरीच्या पात्याने सैल केल्या, बाकीच्या हाताने निघाल्या. मग सगळ्या ई एकाच बाजूने बॉबिनमध्ये भरल्या आणि सगळ्या आय एक गठ्ठा करून समोर ठेवल्या. दोन्हींच्या मध्ये, तिन्ही पायांवर पुरेल अशी, झेरॉक्सच्या साध्या कागदाची एक पट्टी. हा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. चुंबकीय रेषा मधल्या पायातून जाऊन बाहेरच्या पायातून परततात, म्हणजे गॅप दोनदा ओलांडतात, एकूण ०.२ मिमी. एवढ्याने डीसीचे गाभ्यातले चुंबकीय क्षेत्र अर्ध्या टेस्लावर येते. त्यावर ८० हर्ट्झला पूर्ण ५ वॅटचा सिग्नल पाव टेस्लाही घेत नाही. भरपूर जागा राहिली.

एलसीआर मीटर आता १७ हेन्री दाखवू लागला. भाच्याचा पहिला प्रश्न रास्त होता: "मामा, हे तर निम्मं झालं!" निम्मे झाले, पण आता ते ४१ मिलिअँप वाहतानाही टिकते. पुन्हा तीच चाचणी: ४०० हर्ट्झला ४ व्होल्ट, ८२ ला ३.४. गाभ्याची पट्टी कचकचीत आवळावी लागते, नाहीतर आय-चा गठ्ठा वाजवताना स्वतःच गाऊ लागतो.

फीडबॅकची तार परत जोडताच अ‍ॅम्पने कर्कश किंकाळी फोडली. पत्र्या बदलताना सेकंडरीच्या दोन तारा उलट लागल्या होत्या, त्यामुळे फीडबॅक उणेचा अधिक झाला. तारा अदलाबदल केल्या, प्रश्न संपला. नव्या अ‍ॅम्पला पहिल्यांदा सुरू करताना ही तार सुटीच ठेवावी. जोडल्यावर आवाज थोडा कमी व्हायला हवा, वाढला किंवा ओरडला तर तारा उलट आहेत. या सगळ्या खटाटोपात एक पथ्य कडक पाळायचे: स्पीकर किंवा रेझिस्टर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प वाजवायचा नाही. उघड्या सेकंडरीने प्रायमरीवर हजारावर व्होल्टचे झटके उठतात आणि सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते. सेकंडरीवर कायमचा २२० ओहम ५ वॅट लावून ठेवला की जॅक निघाला तरी अनर्थ टळतो.

हम

बास परत आला आणि त्याबरोबर आधी न ऐकू येणारा हमही आला. व्हॉल्यूम शून्यावर, तरी घोगरा आवाज. १०० हर्ट्झचा हम रेक्टिफायरकडून येतो, ५० चा हीटरकडून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून. मोबाइलवर दोन्ही टोन वाजवून कानाने जुळवता येतात. इथला १०० चा होता. ईसीसी ८३ काढला तर थांबला, म्हणजे तो प्रीअ‍ॅम्पच्या ग्राउंडमधून शिरत होता.

ब्रिजचे, म्हणजे त्या चार डायोडच्या रेक्टिफायरचे, ऋण टोक चॅसिसला एका बोल्टवर आणि पहिल्या कपॅसिटरचे ऋण टोक दुसऱ्या बोल्टवर होते. कपॅसिटर भरताना जे झटके जातात ते सरासरी करंटच्या कितीतरी पट असतात, आणि ते चॅसिसच्या पत्र्यातून, इनपुट जॅकच्या बुडाखालून जात होते. ब्रिज आणि पहिला कपॅसिटर थेट तारेने जोडले. तिथून एक तार आउटपुटच्या कॅथोडच्या ग्राउंडला, पुढे प्रीअ‍ॅम्पला, आणि चॅसिसला जोड फक्त इनपुट जॅकपाशी. मेनचे अर्थिंग याहून वेगळे, स्वतःच्या बोल्टवर, कायमचे.

उरलेल्या बारीक ५० हर्ट्झसाठी हीटरच्या दोन्ही तारांवरून १०० ओहमचे दोन रेझिस्टर काढून त्यांचा मध्य ग्राउंडऐवजी ईएल ८४ च्या कॅथोडला जोडला. ८ व्होल्ट फुकट मिळतात, आणि हीटर कॅथोडपेक्षा अधिक दाबावर गेल्याने ईसीसी ८३ मधली गळती थांबते.

उन्हाळा

मे महिन्यात नवी तक्रार आली: खर्रर्र. खोलीतल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की गिटारचे सिंगल-कॉइल पिकअप तो आवाज ओढून घेते. पंखा पाचवर केला की गेला. अ‍ॅम्पमध्ये यावर इलाज नाही, उगाच शोधू नये. कूलरचे वेगळे. त्याच्या ओलसर हवेत हायलमचा बोर्ड सतत राहिला तर २७८ व्होल्ट आणि ग्रिडच्या टॅगमध्ये गळती सुरू होते, आवाजात चरचर येते. बोर्ड थिनरने पुसून, वाळवून त्यावर वार्निशचा हात दिला आणि अ‍ॅम्प कूलरच्या झोतातून हलवला.

अर्थिंगही याच दिवसांत तपासून घ्यावे. काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि तीन पिनी सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची उरते. गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या असतात आणि चॅसिस त्या पिनेला. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांत तर दोन पिनी सॉकेटच भेटतात. तिथे वायरमनकडून अर्थिंग ओढून घेतल्याशिवाय हा अ‍ॅम्प लावू नये.

शेवटचा मुद्दा मेनचा. या घरात दुपारी २१८ आणि रात्री उशिरा २४४ व्होल्ट मोजले गेले. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या टॅपवर (वाइंडिंगवरच्या जोडावर) रात्री सगळे सहा टक्के चढते, आणि ईएल ८४ चे १०.६ वॅट थेट १२ च्या रेषेवर जातात. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २४० चा टॅप काढून घेतलेला होता, म्हणून तार तिकडे हलवली. हीटरला आता दुपारी ५.७ आणि रात्री ६.४ व्होल्ट मिळतात. दोन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत. टॅप नसता तर कॅथोडचा १८० ओहम काढून २२० लावला असता.